भिंत सोडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझा एक पाय डुगडुगतो, पण त्याबद्दल हळहळू नका. तो मी कमावला आहे.

मेलबर्नच्या ब्रन्सविक भागात, एका सुताराच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. युद्धानंतर इटलीहून आलेल्या माणसांनी वर्गणी काढून चर्चमागचा हॉल सजवला आणि आम्हां खुर्च्यांना भिंतीला टेकवून रांगेत मांडलं. रविवारी दुपारी तिथे नाच असे. आया कडेला बसत, मुली त्यांच्या शेजारी. मुलाने परवानगी आईची काढायची. आईने मान हलवली की मुलीने उठायचं. मुलींना बाहेर पडायची मुभा तेवढीच, म्हणून सगळ्या गुमान उठत. मला त्यांचा राग येई आणि कीवही.

सोळा वर्षांची निनेत्ता माझ्यावर बसे, शेजारी तिची आई सावेरिया. एका रविवारी व्हितो आला. त्याच्या वडिलांचं फळांचं दुकान होतं आणि सावेरियाच्या मनात तो केव्हाचा भरला होता.

"काकू, हिला नेऊ का नाचायला?"

"ने की, बाळा."

निनेत्ता जागची हलली नाही. "नाचायचं माझ्याशी आणि विचारतोस आईला? मग आईशीच नाच."

"ऊठ मुकाट्याने," सावेरिया दातओठ खात पुटपुटली. "नाहीतर आजपासून तुझा हॉल बंद."

निनेत्ता उठली. मला फरफटत तिने हॉलच्या मधोमध नेलं आणि तिथे ठाण मांडलं. त्या फरफटीत माझा पाय ढिला झाला. नाचासाठी वाजणारं अकॉर्डियन थांबलं. मी मात्र तग धरून राहिले; तिला पडू देणार नव्हते.

सावेरिया तरातरा आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. या बाईचं लग्न इटलीत, गावच्या चर्चमध्ये लागलं तेव्हा नवरा इकडे मेलबर्नला होता. त्याच्या जागी दीर उभा केला होता. पण तिचा हात मुलीवर उठला नाही.

"मला कुणीच विचारलं नव्हतं गं," ती म्हणाली. मग व्हितोकडे वळली. "विचार तिलाच."

व्हितोने घसा खाकरून विचारलं.

"नाही," निनेत्ता म्हणाली.

सावेरिया खो खो हसली. पुढच्या रविवारी दोघी पुन्हा आल्या.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, मला पुसा, बिजागऱ्यांना तेल द्या, जपून बसा. पण पुन्हा भिंतीला लावायला नेलंत, तर सांगून ठेवते, मी उघडणारच नाही.