नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मीरा रोडच्या एका खासगी रुग्णालयात, आरोग्य योजनेच्या खिडकीवर, चंद्रावती भोईर यांचं वय अडुसष्ट निघालं. घरच्या हिशेबानं त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत.

खिडकीवर फलक दोन आहेत, एक केंद्राच्या योजनेचा, एक राज्याच्या. खुर्ची एक. त्या खुर्चीवर बसणाऱ्या सलोनीच्या पदाचं नाव आरोग्यमित्र. तिनं वय दोनदा तपासलं.

"आजींच्या हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन योजनेत बसतंय," ती म्हणाली, "पण तुमच्या फॅमिलीचं यंदाचं कव्हर संपलंय."

संपलं होतं हे खरं. चंद्रावतींचा मुलगा योगेंद्र घोडबंदर रोडवर बाइकवरून पडला होता, आणि पाच लाखांतला बहुतेक भाग त्याच्या मांडीत आणि खुब्यात बसवलेल्या पट्ट्यांवर गेला होता. सत्तरी गाठलेल्यांना मात्र वेगळे पाच लाख मिळतात, उत्पन्न न विचारता. ही केंद्राची सुधारणा. ती राबवण्याचं काम राज्याचं, म्हणजे या खिडकीचं. वय आधारवरून घेतलं जातं. त्यात वाद घालायची सोय खिडकीवर नाही.

"आजोबांचं कार्ड निघेल," सलोनीनं चंद्रावतींच्या नवऱ्याकडे, रघूंकडे बघितलं. "त्यांना सत्तर पूर्ण आहेत."

"मला काय झालंय?" रघू म्हणाले.

"काही नाही. पण कार्ड लगेच निघेल."

सून मिनल सोबत होती. आईंचं वय चुकलं कसं, असं तिनं विचारलं. रघू फलक वाचू लागले.

डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन करा, असं सांगितलं होतं. मुंबईच्या सरकारी रुग्णालयानं दिलेली तारीख पाच महिन्यांनंतरची होती.

संध्याकाळी चेणे गावात, घरी चौकशी झाली. रघूंच्या बहिणीचा नवरा तुळशीराम, ज्यांना सगळं गाव दाजी म्हणतं, ओटीवर येऊन बसले. गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं तेव्हा टेबलाशेजारी उभं राहून सगळ्यांची माहिती त्यांनीच सांगितली होती.

"टेबलावरचा पोरगा विचारी, बाईचा वय काय," दाजी म्हणाले. "मी म्हनलो, घोवाचा लिवलास ना, त्यातनं दोन कमी कर. रांग झटक्यात सरली."

"मी यांच्यापेक्षा तीन वर्सांनी मोठी हाय, दाजी," चंद्रावती म्हणाल्या.

"ता मना ठाव हाय. सरकारला कशाला ठाव करायचा?"

त्या शिबिरात नोंदलेल्या चेण्याच्या सगळ्या बायका नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. अपवाद दाजींच्या बायकोचा. ती पाच वर्षांनी लहान आहे.

"ती बाजूलाच उभी व्हती," दाजींनी खुलासा केला.

दुरुस्तीसाठी जन्मदाखला लागणार होता. चंद्रावती शाळेत गेल्या नव्हत्या आणि जन्माची नोंद कुणी केली नव्हती. उशिरा नोंद करायची तर गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी शपथेवर जबाब द्यायचे, असं वकिलानं सांगितलं. त्यांचं बालपण पाहिलेले दोघेच शिल्लक होते, दाजी आणि रघू. दाजी लगेच तयार झाले.

रघू तयार होईनात.

"बायको माझ्यापेक्षा मोठी, असा मी कागदावर न्हाय देनार."

"लग्नात ठाव व्हता ना तुमाला?" चंद्रावती म्हणाल्या.

"लग्नात कागद नव्हता."

"बरा. मंग मी मेले की सांगा सगल्यांना, दोन वर्सांनी लहान व्हती."

चार दिवस वकिलाकडे कुणी गेलं नाही. पाचव्या दिवशी जिना चढताना चंद्रावती मध्येच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. त्या संध्याकाळी रघूंनी सही करायची तयारी दाखवली. अट एकच. "माझा वयबी वाढवा. हिच्यापेक्षा दोन वर्सांनी मोठा लिवा."

मिनलनं त्याची गरज नसल्याचं समजावलं. दाजींना मात्र अट रास्त वाटली. रघूंच्या वयाबद्दलही त्यांनी शपथेवर जबाब दिला. दुसरा जबाब चंद्रावतींनी दिला. त्या दिवशी दिलेल्या चार जबाबांपैकी दोन खरे होते.

दाखले यायला दीड महिना लागला. सगळे सिल्व्हर पार्कच्या आधार केंद्रात गेले. तिथल्या विपुलनं आधी चंद्रावतींचा अर्ज भरला, मग रघूंचा दाखला हातात घेऊन थांबला.

"दादा, तुम्हारा तो सत्तर हो गया है. याची काय गरज?"

"लिव."

"जन्मतारीख एकदाच बदलते हां. बाद में मत आना."

"न्हाय येनार."

आठवड्याभरात रघूंची दुरुस्ती मंजूर झाली. ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. चंद्रावतींच्या अर्जापुढे 'तपासणी सुरू' असं दिसत होतं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच यंत्रावर भरले होते आणि दोन्हींत पाच वर्षांचाच फरक होता. एक मंजूर झाला आणि एक का थांबला, हे विपुलला सांगता आलं नाही. हेल्पलाइनवर मिनलला वाट बघायला सांगण्यात आलं.

सोमवारी रघू एकटेच रुग्णालयात गेले. त्यांनी योजनेचं आपलं नवं कार्ड खिडकीतून आत सरकवलं.

"हा हिला चालवा. मी न्हाय वापरत."

"नाही चालत, आजोबा," सलोनी म्हणाली. "ज्याचं नाव, त्याचंच ऑपरेशन."

"मंग माझा वय हिला द्या."

सलोनीनं कार्ड परत दिलं. ऑपरेशनसाठी गुरुवारचा दिवस आणि एक खाट तिनं राखून ठेवली आहे. बुधवारी दुपारपर्यंत वयाच्या दुरुस्तीला मंजुरी आली नाही, तर ती खाट पुढच्या पेशंटला जाईल.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मिनलनं फोनवर पुन्हा तपासलं. चंद्रावती अडुसष्ट वर्षांच्या आहेत. नोंदीप्रमाणे त्या नवऱ्यापेक्षा आता सात वर्षांनी लहान आहेत.