ठिकाणाचा रकाना

भागीबाईने कॅमेरा आधीच पुसून ओसरीवर फडक्यावर ठेवला होता. दिवाकरराव टेकतात न टेकतात तोच तिचा नवरा भिका म्हणाला, "बघून घ्या साहेब. कारड आतच हाय."

दिवाकरराव नाशिकहून घोटीपर्यंत बसने आणि पुढे या पाड्यापर्यंत रिक्षाने आले होते. भिकाला दिलेला कॅमेरा परत न्यायला नव्हे, माफी मागायला. वाटेत त्यांनी वाक्यं चांगली घोटून ठेवली होती. आता एकही आठवेना.

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं सुटे भाग तपासले. चिठ्ठी नसलेला भाग म्हणजे भंगार, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्तीनंतर लोक देवळं धरतात. देवळं तर पंचवटीत त्यांच्या दाराशीच होती, पण या गृहस्थांनी जंगलातले कॅमेरे धरले. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो टिपणारे. बिघडलेले कॅमेरे दुरुस्त करता करता माणसं जमली. वनरक्षक, कॉलेजात शिकवणारी वल्लरी, पेठ-सुरगाण्याकडची शिकलेली मुलं आणि भिकासारखे डोंगरातले शेतकरी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माडीवर बैठक भरे. पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांची वाट न बघता आपल्या भागातल्या माणसांनी एकमेकांना शिकवावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. तीन वर्षांत त्रेसष्ट जण झाले. बायको गेल्यापासून त्यांच्या दाराशी एवढ्या चपला कधी दिसल्या नव्हत्या.

नियम एकच. मोबाइलवरच्या गटात फोटो टाकताना तारीख, वेळ, ठिकाण हे तिन्ही रकाने भरायचे. भिकाचे फोटो सगळ्यांत सुरेख, पण ठिकाण नेहमी कोरं. वाघीण व्याली ती जागा आमच्यात कुणाला सांगत नाहीत, असं तो म्हणे. बिबट्यालाही तिकडे वाघच म्हणतात.

दिवाकररावांनी भर बैठकीत त्याला झापलं होतं. "भिका, हे शास्त्र आहे. असल्या समजुती घरी ठेवून येत जा."

सगळे हसले होते. भिकाही हसला होता, आणि त्याचं ते हसू आता दिवाकररावांना जेवू देत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात भिकाने मादी आणि तिच्या दोन पिल्लांचा फोटो टाकला. तिन्ही रकाने भरलेले. वरच्या ओढ्याची कपार, करवंदीच्या जाळीमागं. दिवाकररावांनी खाली लिहिलं, याला म्हणतात नोंद.

त्रेसष्टांपैकी कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या मोसमात पलीकडच्या वस्तीवरच्या बऱ्याच शेळ्या गेल्या होत्या. चौथ्या दिवशी कपारीपाशी विष घातलेली मेलेली शेळी सापडली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ती तिघं.

मग जो तो एकमेकांकडे संशयाने बघू लागला. माणसं गट सोडत गेली. गेल्या रविवारी बैठकीला एकटी वल्लरी आली. मांडलेल्या सतरंज्या तिनेच गोळा केल्या. ती म्हणाली, "काका, बंद करू या. आता कुणी कुणाला काही सांगणार नाही."

"चूक माझी होती, भिका," दिवाकरराव अखेर म्हणाले.

भिकाने ओसरीवर चढू बघणारी कोंबडी हाकलली. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी सांगितलं तसंच लिवलं, साहेब," तो म्हणाला. "दोनदा खोडून लिवलं. शाळंत बी एवढं नीट कधी लिवलं नव्हतं."

भागीबाईने चहा आणून ठेवला. "ह्यांनी वाघदेवाकडं जायचं सोडलंय," ती हळूच म्हणाली. "तोंड कसं दाखवू म्हणत्यात."

कॅमेरा तुझ्याकडेच राहू दे, असं दिवाकररावांनी सांगून पाहिलं. भिकाने कॅमेरा स्वतःच त्यांच्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने कार्ड काँप्युटरला लावलं आणि नोंदवही उघडली. शेवटच्या फोटोत भिकाचा तळहात होता, कॅमेरा काढतानाचा. त्याच्या आधीच्या फोटोत भिका रिकाम्या कपारीसमोर जमिनीला कपाळ टेकून बसला होता. त्याच्याही आधीचा फोटो पाऊण तास अगोदरचा, त्यातही तो तसाच.

दिवाकररावांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली. ठिकाणाचा रकाना कोरा ठेवून त्यांनी वही मिटली.