उजव्या चाकाचा सांधा

थेंब अजून पडला नव्हता. पुढच्या उजव्या चाकामागच्या लोखंडी गोळ्याच्या तळाशी लोंबत होता—काळा, जाडसर, स्वतःलाच कंटाळलेला—आणि त्याच्याखाली ठेवलेला मातीचा वाडगा, बायकोने घडवलेला पहिलावहिला, तोंड वाकडं केलेला, वाट बघत होता. जीपखाली पाठीवर पडलेला डॉक्टरही वाट बघत होता. पड की बाबा. इतकी वर्षं न सांगता पडत होतास...

संध्याकाळी भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, जीप बघायला येणार होते. फोनवर त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गळकी असेल तर मला नको हं, डॉक्टर." म्हणजे जीप घरातच राहावी म्हणून काही न करणं एवढंच आता करायचं होतं, आणि त्याचा त्याला चांगला सराव होता. तो भूल देणारा डॉक्टर. उभी हयात रोग्याच्या उशाशी स्टुलावर बसून काढलेली. कापणार दुसरा, शिवणार दुसरा, नातेवाइकांनी पाय धरायचे तेही दुसऱ्याचेच—आणि शुद्धीवर आल्यावर कुणाला याचा चेहरा आठवलाच, तर याचंच काहीतरी चुकलं असं समजायचं.

जीप जायचीच होती. गॅरेजात बायकोची भांडी भाजायची भट्टी बसणार होती, आणि जेवताना, तोंडात घास असताना, त्याने स्वतःच "हो, हो" म्हटलं होतं. घास असताना दिलेला होकार धरायचा असतो का? तिने धरला. आणि तिचं काय चुकलं? जीप कधीमधी रस्त्यावर येते आणि उरलेला वेळ फरशीवर नकाशे काढते. पटत होतं. सगळंच पटत होतं, म्हणून तर एवढी चिडचिड...

तो खाली शिरला होता तो गळती शाबूत आहे ना, एवढंच बघायला. मी काही लबाडी करणार नव्हतो—फार तर एखादा बोल्ट जरासा सैल, बस. एक सैल झाला. मग शेजारचा कशाला उपाशी ठेवायचा? तेल अडवणाऱ्या सीलची पट्टी सरकली, मागचं झिजून दोरेदोरे झालेलं लोकरी फेल्ट दिसलं, आणि ऑपरेशन टेबलापाशी इतक्या वर्षांत जे तोंडातून कधी निघालं नव्हतं ते निघालं, "अरेरे!"

तिथून पुढे त्याचं त्याच्यावर काही चालेना. जीप जॅकवर चढली, लोखंडी घोड्यांवर टेकली, चाक निघालं, ब्रेक बाजूला बांधून ठेवला गेला, गोळा उघडला. आत हवं होतं लोण्यासारखं घट्ट ग्रीस. होता काळा, पातळ राडा. दोन चाकांच्या मधल्या पेटीतलं गिअर ऑइल आतल्या सीलमधून इकडे झिरपत होतं, ग्रीसला पातळ करत होतं, आणि बदनाम होत होती ती बाहेरची सील, का तर ती दिसते. आत कधीपासून काय झिरपतंय ते कोणी बघत नाही आणि बाहेर जरा काही आलं की लगेच बायकोला, 'हल्ली तू फार चिडतेस'... विचार भलतीकडे निघाला तसा त्याने घाईघाईने रॉकेलचा ब्रश उचलला.

नव्या सील घरात होत्या. मोज्यांच्या खणात, कधीतरी बसवू म्हणून आणलेल्या.

"अहो, तुम्ही नुसतं बघणार होतात ना?" चाकाच्या जागी बायकोचा चेहरा उगवला.

"बघतोच आहे."

"कोपरापर्यंत?"

त्याने हात मागे घेतला. तिच्या हातांना माती, याच्या हातांना ग्रीस.

"द्यायची आहे ना पण?"

"हो तर. म्हणून तर."

"म्हणून काय?"

त्याने ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला. ती वाट बघून गेली. त्याने गोळ्यातून काढून, पुसून लख्ख केलेला, चाक वळतानाही फिरतं ठेवणारा सांधा मांडीवर घेतला आणि तळव्याने ग्रीस दाबत राहिला, या बाजूने भरायचं, त्या बाजूने आतल्या बारक्या गोळ्यांच्या फटींतून बाहेर येईपर्यंत, आणि त्याला इतकं सुख झालं की आपण कोणाचं काम करतोय हेच तो विसरला.

नव्या सील बसल्या, चाक परत चढलं, आणि संध्याकाळी भावोजी आले. उकिडवे बसले, टॉर्च मारला, गोळ्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"कोरडा?"

"कोरडा," तो अभिमानाने म्हणाला.

"जुन्या गाडीचा गोळा जरा तरी ओला असतोच. ठणठणीत कोरडा म्हणजे आतलं सगळं संपलंय. नाहीतर मला दाखवायला पुसलाय."

"तुम्हीच म्हणालात, गळकी नको!"

"गळकी नको म्हणालो. संशयास्पद चालेल असं कुठे म्हणालो?"

सुटका अशी आयती दारात येऊन उभी राहिलेली. नुसतं गप्प बसायचं. जमतं की मला गप्प बसायला, त्याचाच तर पगार...

"आत बसा," तो ओरडला.

घरामागच्या मोकळ्या मैदानात त्याने स्टिअरिंग पार शेवटापर्यंत वळवलं आणि जीप घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरवायला लागला. "ऐका! सांधा खराब असला की वळताना कट-कट वाजतो. वाजतोय?"

"डॉक्टर, मला गरगरतंय."

"वाजतोय का ते सांगा!"

"नाही, नाही वाजत!"

"आता दुसऱ्या बाजूने."

भावोजी उतरले, जमीन जागेवर आहे याची पायाने खात्री केली, "कळवतो," म्हणाले आणि भिंतीचा आधार घेत फाटकाकडे गेले.

बायको दारात आली. "घेतायत?"

"विचार करतायत."

"म्हणजे तुमच्या मनासारखंच झालं की."

ती आत गेली. तो जीपमध्येच बसून राहिला, इंजेक्शन दिल्यावर औषध चढायची वाट बघावी तसा, आता हायसं वाटेल, आता वाटेल... वाटेना. विचार करतायत! करण्यासारखं आहे काय त्यात? वळणावर हूं नाही की चूं नाही, आणि हा माणूस बोटाचा वास घेतो! यांना नको तर दुसरं गिऱ्हाईक बघू, चांगला कान असलेलं, जाहिरात देऊ, फोटो काढू, सकाळच्या उन्हात छान येतील—आणि इथे तो दचकला. हे कोण बोलतंय? भावोजींनी हो म्हणावं, आत्ता, धावत परत येऊन म्हणावं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. आणि ते खरंच फाटकातून वळले तर त्यांचं हो ऐकू येऊ नये म्हणून काच वर करून घ्यायची हेही ठरलेलं होतं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. राग तर येत होता, चांगला, भरघोस. फक्त तो नक्की कोणाचा, ते काही केल्या सापडेना.