मधला चेंडू

तिरुमलराव गेले आणि वेदवतीच्या घरातली मराठी बंद पडली. मुद्दाम कुणी बंद केली नाही. समोर बोलायला माणूसच उरलं नाही. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात काढलेलं घराणं, त्यामुळे उंबऱ्याबाहेर कन्नड हे तिच्या जन्मापासूनचं. पण घरात शिरलं की चपलांबरोबर ती भाषाही दाराशी राहायची. तिरुमलराव कडकोळच्या कारखान्यातून दमून आले की पायरीवरूनच विचारत, "वेदा, कॉफी आहे की नाही गे? डोकं उठलंय बघ." त्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं असे, कुणी पुण्याचा पाहुणा आला तर गालात हसे. पण ती त्या दोघांची होती. आता मुलगा वादिराज मेलबर्नहून रविवारी फोन करी, "अम्मा, ऊट आयता?" म्हणून जेवणाचं विचारी आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोले.

वेदवती दिवस ढकलत होती. सकाळी पूजा, दुपारी टीव्ही, संध्याकाळी फाटकाशी थोडं उभं राहणं. कुवेंपुनगरातल्या त्या रस्त्यावर सगळ्यांना स्कूटरवरून कुठे ना कुठे पोचायची घाई. ओळखीचं हसू मिळे, पण तेही चालत्या गाडीवरून.

एका संध्याकाळी कमलाक्षी तिच्या फाटकाशी येऊन थांबली. मागच्या रस्त्यावर राहणारी, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली उंच बाई. आवाज अजूनही मैदानावरचा. पार्कातल्या आरोग्य शिबिरात दोघी एका रांगेत उभ्या होत्या, तेवढीच ओळख.

"वेदवतीअव्रे, शुगर तुमचीही वाढलेली निघाली आणि माझीही," ती कन्नडमध्ये म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? इथल्या बायका गोळ्या घेतात आणि सोफ्यावर बसतात. उद्या सकाळी पार्कात या. थ्रोबॉल खेळायचा."

"मी? या वयात?"

"शाळेत खेळलाच असाल की. हातांना आठवतं सगळं. या म्हणजे या."

वेदवती गेली ती नाही म्हणायचं धाडस झालं नाही म्हणून. जुना चुडीदार कपाटातून काढला, पायात नवे बूट घातले आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली. पार्काच्या कोपऱ्यात लाल मातीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, मध्ये जाळी. जमलेल्या बहुतेक तिच्याच वयाच्या. हसत होत्या, लाजत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे चोरून बघत होत्या. पहिला चेंडू तिच्याकडे आला आणि कमलाक्षी म्हणाली होती तसंच झालं. दोन्ही हात आपोआप वर गेले, चेंडू पंजात बसला आणि खांद्यावरून तिने तो जाळीपलीकडे भिरकावला. तळहात चुरचुरले. किती दिवसांत तिच्या अंगाला असं काही जाणवलं नव्हतं.

मग ती रोज जाऊ लागली. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. खेळ संपला की मात्र बाकीच्या आपापल्या सुनांच्या, नातवंडांच्या गप्पा मारत निघत. ती त्यांच्याबरोबर वळणापर्यंत चाले आणि तिथून एकटी घराकडे वळे.

असं चांगलं चाललेलं असताना एके दिवशी घात झाला. पलीकडून एक उंच चेंडू आला, नेमका वेदवती आणि कमलाक्षी यांच्या मधोमध. तो आपलाच, हे वेदवतीला दिसलं. मान वर, डोळे चेंडूवर, आणि तोंडातून मोठ्याने निघालं, "माझा! माझा!"

कमलाक्षीला आवाज ऐकू आला, अर्थ नाही. तीही धावली. दोघी एकमेकींवर आदळल्या. वेदवती जाळीला धरून सावरली. कमलाक्षी मात्र हातावर पडली. तिचं मनगट मोडलं.

प्लॅस्टर लागलं, आणि खेळही संपला. कुणाच्या नवऱ्याने सुनावलं, कुणाच्या मुलाने. पार्क असोसिएशनने जाळी काढून खोलीत ठेवली. वेदवतीला कुणी बोल लावला नाही, पण कुणी बोलवायलाही आलं नाही. सकाळी जाग वेळेवर यायची. ती बुटांकडे बघायची आणि पुन्हा पडून राहायची. आपल्यामुळे झालं, हे कुणाजवळ बोलावं तरी कुणाजवळ? तिरुमलरावांच्या तसबिरीपुढे एकदा तोंड उघडलं, पण स्वतःचाच आवाज त्या खोलीत इतका परका वाटला की तिने ते अर्ध्यावर सोडलं.

शेवटी एका दुपारी मन घट्ट करून, डब्यात लिंबाचा गरम भात, चित्रान्न, भरून ती कमलाक्षीकडे गेली. कमलाक्षी व्हरांड्यात हात गळ्यात अडकवून बसली होती.

"आलात एकदाच्या!" ती म्हणाली. "मी इथे एका हाताने वाट बघतेय. आधी सांगा, तुम्ही तेव्हा ओरडलात काय?"

"माझा. म्हणजे... नंदु."

"मग नंदु का नाही म्हणालात? दिवसभर तर माझ्यासारखंच कन्नड बोलता."

वेदवती डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "मला तरी कुठे ठाऊक होतं तो शब्द येईल म्हणून? आमचे हे गेल्यावर घरात मराठी बोललेच नाही मी. कुणाशी बोलणार? मला वाटलं, गेली ती. आणि तिथे, सगळ्यांसमोर, अशी ओरडून बाहेर आली."

 चांगल्या हाताने कमलाक्षीने डबा जवळ ओढला.

"माझं मनगट जुळेल हो," ती म्हणाली. "पण या सगळ्या पुन्हा सोफ्यावर बसल्यात, त्याचं काय? मला तर घराबाहेर सोडत नाहीत. तुम्ही जा घरोघर."

"मी? मला नाही जमायचं असलं."

"चेंडू पण नव्हता जमायचा."

इतक्या वर्षांत वेदवतीने कुणाच्या दाराची बेल वाजवली नव्हती. पहिल्या घरी बेलवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. तिथे नाही म्हणाले. दुसऱ्या घरी सासऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या घरातल्या जयलक्ष्मीने मात्र आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, "मी वाटच बघत होते कुणी येतंय का याची. स्वतःहून कसं विचारायचं, असं झालं होतं." मग त्या दोघी मिळून फिरल्या. सगळ्या काही आल्या नाहीत, पण दोन्ही बाजूंना चार-चार जणी उभ्या राहतील एवढ्या जमल्या. असोसिएशनकडून जाळी सोडवून आणली. कमलाक्षीही घरच्यांचं न ऐकता आली आणि कडेला खुर्ची टाकून गळ्यात शिट्टी अडकवून बसली.

त्या सकाळी खेळ रंगात आला असताना एक चेंडू वेदवती आणि जयलक्ष्मी यांच्या मध्ये आला.

"नंदु!" वेदवती ओरडली.

जयलक्ष्मी जागच्या जागी थांबली. वेदवतीने चेंडू झेलला, फेकला, पलीकडे तो जमिनीवर पडला. टाळ्या वाजल्या. कमलाक्षीने शिट्टी फुंकली. वेदवती तशीच उभी. शब्द तिने आठवून काढला नव्हता, आपणहून आला होता. जो आधी आला असता, तो 'माझा' या वेळी ओठांपर्यंतही आला नाही.

"काय झालं री? लागलं का?" जयलक्ष्मीने विचारलं.

"नाही. चला, खेळा."

खेळानंतर वळणावर कमलाक्षीने कुणालाच घरी जाऊ दिलं नाही. सगळ्यांना कोपऱ्यावरच्या दर्शिनीत नेलं. उभ्यानेच खायचं तिथे, गरम इडल्या, वर वाफाळती कॉफी. कुणीतरी आपल्या सासऱ्यांची नक्कल केली, सगळ्या हसल्या, वेदवतीही हसली. अंग छान दुखत होतं, भूक सडकून लागली होती, दोन्ही बाजूंनी बायकांचे खांदे तिला चिकटले होते. हे सगळं घरी जाऊन मराठीत कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि त्यासरशी घास तोंडातच फिरला.

"उद्या येणार ना?" जयलक्ष्मीने तिच्या ताटलीत चटणी वाढत विचारलं.

"येणार," वेदवती म्हणाली आणि घास गिळला.