इनासची खोली

"पलंगाला हात लावलास तर बघ, बिसेन्ते!"

टान लोले दारात उभी होती. दार तिने दोन्ही कोपरांनी अडवलं होतं, कारण बोटांनी चौकट धरणं तिला आता जमत नव्हतं. आत तिचा नवरा टुन बिसेन्ते पाना घेऊन पलंगाच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. ग्वाम बेटावरच्या मलेस्सो गावात सगळेच त्यांना हल्ली टुन आणि टान लावून हाक मारत, म्हणजे दोघंही अधिकृतपणे म्हातारी झाली होती. भांडताना मात्र ती फक्त बिसेन्ते आणि लोले असत.

"सरकवतोय फक्त. मोडत नाही काही," तो म्हणाला.

"सरकवायचाही नाही. इनास आला तर झोपेल कुठे?"

"शेवटचा कधी आला होता तो, आठवतंय तरी का?"

"म्हणून येणारच नाही का?"

शाळा संपली तसा त्यांचा मुलगा इनास फौजेत गेला. ग्वामची निम्मी पोरं जातात, तसाच. फौजेतून सुटल्यावर तो टेक्सासलाच राहिला, तिथे लग्न केलं, दोन मुलं झाली. इथे त्याच्या पलंगावरची चादर दर शनिवारी बदलली जाई आणि फळीवरचा बास्केटबॉलचा चषक पुसला जाई. चषक तिसऱ्या नंबरचा होता, पण लोले पुसायची पहिल्या नंबरचा असल्यासारखा.

बिसेन्तेला खोली हवी होती ती लोलेच्याच बोटांसाठी. लोले गावाची तेचा. कुणाच्या घरी माणूस गेलं की नऊ संध्याकाळी तिथे बसून रोझरीची प्रार्थना ती सांगणार आणि बाकीचे तिच्यामागून म्हणणार. मागच्या महिन्यात एका घरी प्रार्थनेच्या मध्येच माळ तिच्या हातातून निसटली. तिने उचलली, पुन्हा निसटली. शेजारच्या बायकांनी बघितलंच नाही असं दाखवलं आणि तेच तिला फार लागलं. घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. बिसेन्ते जन्मभर शाळेची बस चालवत आलेला माणूस, मागच्या आसनावरची गप्प पोरं कुठली आणि रडणारी कुठली हे त्याला आरशात न बघताही कळे.

डॉक्टरांच्या संधिवाताच्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं. मग किको म्हणाला, माझ्या बहिणीला गांज्याच्या तेलाने बरं वाटतं. किको म्हणजे शेजारी, बालमित्र आणि न मागता सल्ला देणारा. त्याच्या पुतण्याने बीही दिलं. ही जात दिवस लहान की मोठा ते बघत नाही, वय झालं की आपोआप फुलते. आता घरात लावायला कायद्याची हरकत नव्हती. माणशी तीन फुलती झाडं, पण बंद खोलीत, कुलपात, कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी. घरात कुलपाची खोली एकच होती.

"दोघांची मिळून सहा लावता येतात," बिसेन्ते म्हणाला. "त्यातली तीन तुझी."

"माझी? मी गावाची तेचा आहे, आणि माझी गांज्याची झाडं?"

"कायद्याने."

"कायदा पाले बघतील," ती म्हणाली. पाले म्हणजे त्यांच्या चर्चचे पाद्री. पण तिचे कोपर चौकटीवरून खाली आले. "पलंग आहे तिथेच राहील. कोपऱ्यात काय करायचं ते कर."

तेवढं त्याला पुरेसं होतं, निदान तेव्हा तसं वाटलं. वादळासाठी ठेवलेली लोखंडी झडप त्याने खिडकीला लावून टाकली. भिंतीचा कोपरा पांढऱ्या रंगाने रंगवला, छताला दिवा टांगला, एक छोटा पंखा आणला. मातीसाठी तो किकोला घेऊन रानातल्या आपल्या जमिनीवर गेला आणि फणसासारख्या एका मोठ्या झाडाखाली खणण्याआधी टोपी काढून रीतीप्रमाणे पूर्वजांना विचारून घेतलं.

"चेलु, गांज्यासाठी पाहिजे असं सांगितलंस का त्यांना?" फावड्यावर रेलून किको म्हणाला. चेलु म्हणजे भाऊ, तो बिसेन्तेला तशीच हाक मारे.

"माती पाहिजे एवढंच सांगितलं."

"म्हणजे आजी-आजोबांना फसवलंस. बघ हं आता!"

बिसेन्तेच्या मिरच्या गावात प्रसिद्ध होत्या. मिरचीची त्याची रीत ठरलेली. बी कागदाच्या पेल्यात, मग रोप डब्यात, मग मोठ्या बादलीत. दोनदा हललं की रोप चिवट होतं असा त्याचा पक्का विश्वास, आणि मिरच्यांनी त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. तसंच त्याने याही रोपांचं केलं, फक्त शेवटच्या बादल्या कोपऱ्यात मावतील अशा छोट्या घेतल्या. प्रत्येक बदलीनंतर ती माना टाकून बसत. मिरचीही रुसते, मग उसळी मारते, म्हणून तो निर्धास्त होता.

एके दिवशी कुलूप काढून बघतो तर वीतभर उंचीच्या झाडांना फुलं! किकोने आत डोकं घातलं आणि तो भिंत धरून हसत सुटला.

"चेलु, बाहुलीच्या घरात लावायची होती का रे ही?"

"अजून वाढतील."

"कसली वाढतायत! पुतण्या मला म्हणाला होता, पहिल्या दिवसापासून मोठ्या बादलीतच लावायला सांगा, ही हलवलेली चालत नाहीत. यांना रुसायला वेळ नसतो म्हणे, वय झालं की फुलायचंच."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मिरच्यांच्या राजाला मी काय शिकवणार?"

बिसेन्तेने त्याला हाकलून दिलं आणि तो एकटाच पलंगाच्या कडेला बसला. त्याला स्वतःचा भयंकर राग आला होता.

तरी जे आलं ते त्याने वाळवलं, नारळाच्या तेलात मंद आचेवर ठेवलं, गाळलं, त्यात मेण घातलं. एवढ्या खटाटोपातून औषधाच्या डबीएवढं मलम निघालं. संध्याकाळी तो लोलेसमोर स्टूल घेऊन बसला.

"मला चढेल का रे?" तिने हात मागे घेतला.

"हाताला लावून कुणाला चढलंय?"

"वास तर बघ! कुजलेल्या लिंबासारखा."

"नाक बंद कर नि हात दे."

तो एकेक बोट घेऊन चोळत राहिला. गुण मलमाचा होता, उबेचा होता की एवढ्या वर्षांनी नवरा तासभर हात धरून बसला त्याचा, कोण सांगणार! पण त्या आठवड्यात एका घरी प्रार्थनेला तिने माळ हातात घेतली आणि पहिल्या मण्यापासून शेवटच्यापर्यंत नेली. सावकाश नेली, पण नेली. बिसेन्ते मागे पुरुषांच्या बाकावर होता. त्याचं प्रार्थनेकडे अजिबात लक्ष नव्हतं, तो तिच्या अंगठ्याकडे बघत होता.

डबी लवकरच रिकामी झाली. लोलेने ती चमच्याच्या दांड्याने खरवडून बघितली.

"आता पुढचं कधी?" तिने विचारलं. पालेंचा विषय तिने पुन्हा काढला नव्हता.

"पुन्हा लावावी लागतील. या वेळी सुरुवातीपासून मोठ्या बादल्यांत. ती मधेच हलवता येत नाहीत, लोले. सहा बादल्या कोपऱ्यात बसत नाहीत."

तिने डबीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, म्हणून तशीच ठेवून दिली. पलंगाचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने इनासला फोन लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती, मागे मुलांचा गोंधळ चालला होता. तिने फोन स्पीकरवर टाकून दोन्ही तळव्यांत धरला होता.

"मॉम! बोटं कशी आहेत?"

"आहेत जागेवर. ऐक, नाताळला येताय ना?"

"बघतो ना. सुट्टी मिळाली तर नक्की."

"आलास तर तुझ्या पलंगावर झोपशील ना?"

तो मनापासून हसला. पोरगा वाईट नव्हता. "मॉम, आम्ही चौघं आहोत! आणि त्या पलंगावरून माझे पाय तेव्हाच बाहेर यायचे. आम्ही टुमॉनला हॉटेल घेऊ. पोरांना पोहता येईल, तुम्हालाही त्रास नको."

"त्रास कसला त्यात?"

"तसं नाही गं. तुझे हात दुखतात, चादरी धू, स्वयंपाक कर... आणि तो पलंग अजून ठेवलाय? देऊन टाका की कुणाला."

स्वयंपाकघराच्या दारातून बिसेन्ते तिच्याकडे बघत होता. मध्ये पडून पोराला दोन शब्द सुनवावेत असं त्याला फार वाटलं, पण सुनावायचं तरी काय? पोरगा खोटं काहीच बोलला नव्हता.

"हो," लोले म्हणाली. "आम्ही तेच बोलत होतो."

"बरं. न्योरा, मॉम."

लहानाने मोठ्या बाईचा हात नाकाला लावून म्हणायचा हा शब्द. दर फोनच्या शेवटी तो म्हणायचा, आणि तिचा हात आपोआप पुढे जायचा. आजही फोन मांडीवर ठेवून तिने उजवा हात उलटा करून फोनसमोर धरला.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावर हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी बिसेन्ते मिरच्यांना पाणी घालून आत आला तर खोलीचं दार उघडं होतं. लोले पलंगापाशी होती. चादर तिने ओढून काढली होती, पण घडी होत नव्हती, टोकं बोटांतून सुटत होती.

"नुसता बघत काय उभा राहिलायस? दुसरी बाजू धर," ती म्हणाली.

त्याने दुसरी बाजू धरली. दोघं चादर ताणून जवळ येत, टोकाला टोक मिळवत, पुन्हा मागे जात. शेवटची घडी त्याच्या हातात आली तेव्हा ती त्याच्या छातीशी डोकं टेकून थोडं रडली. फार नाही. मग तिनेच पाना शोधून दिला.

पलंग किकोच्या रानातल्या खोपटात गेला. चषक फळीवरच राहिला. त्याला दिव्याचा त्रास नव्हता आणि दिव्याला त्याचा. सहा बादल्या आल्या, माती आली. किकोने या वेळी पूर्वजांना सगळं खरं सांगायला लावलं. पेरताना बी लोलेच्या चिमटीत राहीना, म्हणून बिसेन्तेने ते तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिने हात कलता करून मातीतल्या खड्ड्यात सोडलं. तिच्या वाट्याच्या तिन्ही बादल्यांत तसंच.

"भिंतीकडची ही तीन माझी," ती म्हणाली. "यांना तू मिरचीसारखं काही करायचं नाहीस."

"नाही बाई, हातसुद्धा लावत नाही."

काही दिवसांत कोंब वर आले. दिवा पहाटेच लागे आणि रात्र पडून गेल्यावर मालवे.

एका पहाटे बिसेन्ते स्वयंपाकघरात कॉफी करत होता. लोले चर्चसाठी तयार होऊन, डोक्याला रुमाल बांधून, अंधाऱ्या बोळातून येत होती. इनासच्या दाराखालून उजेडाची पट्टी फरशीवर पडली होती. परीक्षेच्या दिवसांत तो पहाटे उठून अभ्यास करायचा तेव्हा अशीच पडायची, आणि ती जाता जाता दारावर टकटक करून ओरडायची, बंद कर दिवा, डोळे जातील, अजून थोडा झोप.

तिची पावलं तिथे थांबली. बोटांच्या पेरांनी दारावर हलकेच टकटक झाली. बिसेन्तेने किटली खाली ठेवली.

"राहू दे," दाराशी ती हळूच म्हणाली. "चालू राहू दे."

मग ती आली. बिसेन्तेने काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि कान नसलेला मोठा पेला, जो तिला दोन्ही तळव्यांत धरता यायचा, भरून तिच्यापुढे ठेवला.