इंटरव्हलनंतरचा सिनेमा

प्रेमिलाने भावाच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्याच्यापुढे मोबाइल ठेवला.

"चहा मंग पे. पहिले हे आयक."

"काय आहे वं?"

"आयक म्हणते ना."

नागपूरला जरीपटक्यातल्या तिच्या घरी हा भाऊ, देवराव, दर रविवारी येत आणि अधूनमधून तो जुना वाद निघेच. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं घर टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून होतं. पोरींना सिनेमाला पाठवत नसत. तिकीट मिळे ते देवरावला. अकरा वर्षांची प्रेमिला बोळीत, टॉकीजच्या पंख्याच्या भोकाखाली उकिडवी बसून सिनेमा ऐके. एका सिनेमाच्या शेवटाकडे नायिकेने लग्नातलं गाणं पुन्हा म्हटलं होतं, एकटीने, वाद्यांशिवाय. रेकॉर्डवर ते नव्हतं, कॅसेटवर नव्हतं. देवराव म्हणत, असं गाणंच नाही.

"मी आत होतो. तू भिंतीमांगं."

एवढं म्हटलं की लग्नघरातसुद्धा सगळे हसत आणि प्रेमिला ताटं उचलायला उठे.

काल सुनेने, भावनाने, तिच्या मोबाइलवर गाण्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. त्या सिनेमाची पाच ओळखीची गाणी निघाली. सहाव्या ओळीत लग्नाच्या गाण्याचंच नाव पुन्हा होतं, पुढे 'सॅड' असा शब्द. एक मिनिट चाळीस सेकंद. पहिला सूर लागताच प्रेमिलाने ते बंद केलं आणि रविवारसाठी ठेवलं.

आता तिने बोट टेकवलं. बाईचा एकटा आवाज आला. दुसऱ्या कडव्याआधी तो जरा थांबला, भांडी घासताना ते गुणगुणत प्रेमिला आजवर जिथे थांबत आली होती, अगदी तिथेच.

गाणं संपलं.

"बोला आता, मामाजी," ओट्यापासून भावना म्हणाली.

देवरावांनी चष्मा काढून पुसला, पण घातला नाही.

"मले मालूम नव्हतं."

"काहून? तू तं आत होता."

"इंटरव्हलपर्यंत. मंग आत जायचा पास आपल्या बोळीतल्या चंद्रभानले देला. त्यानं मले दोन आलूबोंडे देले."

प्रेमिला त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या संध्याकाळी याच भावाने तिला शेवट रंगवून सांगितला होता. नदीचा पूर, तुटका पूल, घोड्यावरून आलेला नायक. भोकातून तिला एकही टाप ऐकू आली नव्हती. पण तो आत होता, म्हणून तिने घोडा मानला, आणि पुढे आपल्या पोरांनाही सांगितला.

"अन् तो घोडा?"

"मनानंच जोडला वं... आता काय सांगू."

भावना तोंडाला पदर लावून हसली. प्रेमिला हसली नाही. तिने खुर्ची ओढली, भावासमोर ताठ बसली आणि इंटरव्हलनंतरचं पहिलं गाणं लावलं.

"आता ध्यान दे. नायिका घरात एकटी आहे. बाहेर बैलगाडी थांबते. ती कडी काढते, पण दार उघडत नाही."

देवरावांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

"मंग?" त्यांनी विचारलं.