उलटा पडदा

"हललं नाही ना? मग झालं तर!" राजाभाऊ भिंतीवर थाप मारत म्हणाले. आदल्या दिवशीच्या वादळाने अमिरातीतल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावरचे पत्रे, पाट्या आणि खजुराची झाडं आडवी केली होती. दत्तप्रसादने डिझाइन केलेलं पोलादी सांगाड्याचं नमुन्याचं घर मात्र तसूभरही सरकलं नव्हतं.

दत्तप्रसादने तोंड वाकडं केलं. राजाभाऊ कंत्राटदार, त्याचे मालक. पण यांना पोलाद कळतं ते भंगाराच्या भावापुरतं, असं त्याचं पक्कं मत. तसं त्याचं कोणाविषयीच बरं मत नव्हतं. मंदी आली, शारजाच्या ऑफिसातली टेबलं एकेक करून ओस पडली, तेव्हा बायकोला, सुहासिनीला तो म्हणाला होता, "कचरा गेला!" आपण राहिलो ते हुशारीवर, हे त्याचं त्यानेच ठरवून टाकलं. वास्तविक एका अरब मालकाकडून (सगळे त्याला 'अरबाब' म्हणत) अशा घरांची मोठी ऑर्डर मिळेल या आशेवर राजाभाऊंनी त्याला ठेवलं होतं. ऑर्डर गेली की नोकरी गेली, व्हिसा गेला, लेकीची, सृष्टीची शाळा गेली.

राजाभाऊ फोनवर बोलत बाहेर गेले आणि दत्तप्रसादला जमिनीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्टीखालून आलेला तपकिरी ओघळ दिसला. त्याने जिप्समचा एक बोर्ड उघडला. आत वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा, त्यामागे भिजून लोळागोळा झालेली, उष्णता अडवणारी लोकर, तळाच्या पट्टीत साचलेलं पाणी. स्क्रू गंजून लाल झाले होते.

हे पाणी वादळाचं नव्हतं. बाहेरची दमट हवा महिनोन्‌महिने भिंतीत शिरत होती आणि एसीने गार पडलेल्या पडद्यावर तिचं पाणी होत होतं. थंड मुलखात वाफ घरातून भिंतीत शिरते, म्हणून तिथे पडदा आतल्या बाजूला लावतात. इथे तो बाहेरच्या बाजूला हवा. दत्तप्रसादने युरोपातल्या कॅटलॉगमधलं चित्र डोळे मिटून उतरवलं होतं. आणि हाच गृहस्थ सहकाऱ्यांना 'कॉपी-पेस्ट इंजिनियर' म्हणून हिणवायचा!

"भाऊ, जरा आत या."

राजाभाऊंनी वाकून पाहिलं. "रिपेअर होईल?"

"सगळ्या भिंती खोलाव्या लागतील. पडदा उलटा बसलाय."

"ड्रॉइंग कोणाचं?"

दत्तप्रसाद स्क्रूवरचा गंज नखाने खरवडू लागला.

"अरबाब निघालाय तिकडून. सांगायचं की नाही ते तूच ठरव. चूक तुझी, तोंडही तुझंच. मी मधे पडणार नाही."

दत्तप्रसादला वाटलं होतं, हा माणूस 'झाकून टाक' म्हणेल. मग जन्मभर त्याच्या नावाने खडे फोडता आले असते. राजाभाऊंनी तेवढीही सोय ठेवली नाही. त्याने स्वतःच्या हाताने बोर्ड परत बसवला, स्क्रू आवळले आणि ओघळ रुमालाने पुसून काढला.

अरबाब म्हातारा होता. मुंबईशी जुना व्यापार, त्यामुळे हिंदी सफाईदार. त्याने घरभर फिरून पाहिलं.

"माशाल्ला! तूफान में भी खड़ा रहा. इंजिनियर, इसमें अपने बच्चे रखोगे?"

"क्यों नहीं, अरबाब!"

"बस, तो गर्मी भर फॅमिली के साथ इधर ही रहो. फिर ऑर्डर की बात करेंगे. यल्ला, चलो!"

राजाभाऊ दत्तप्रसादकडे बघत राहिले. दत्तप्रसाद हसला. रडता येत नव्हतं म्हणून हसला.

आठवड्याभरात बिऱ्हाड आलं. सुहासिनी रोज सकाळी स्कर्टिंगपाशी फडकं फिरवायची आणि बादलीत तपकिरी पाणी पिळायची.

"बाबा, द वॉल स्मेल्स," सृष्टी नाक दाबून म्हणाली.

"समुद्र जवळ आहे ना, बेटा. असं होतंच."

सुहासिनीने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. फडकं बादलीवर टाकून ती उठली आणि मुलीचा पलंग भिंतीपासून ओढत खोलीच्या मधोमध आणून ठेवला.